न गोठलेला कॅन

चिमी — शेगडीपासून लांब करा तो कॅन. आधी लांब करा, मग बोला.

भावोजी — अगं, मंद आहे शेगडी. नुसती ऊब लागावी म्हणून ठेवला.

चिमी — सिरक्याच्या ॲसिडला ऊब? त्याची वाफ पेट घेते, माहीत आहे ना? ज्योतीला लागली की कॅनही जायचा आणि तुम्हीही. सरकवा.

भावोजी — सरकवला. शेगडीही बंद केली. आता ओरडू नकोस, खोकल्याची उबळ येईल.

चिमी — खिडकी उघडा.

भावोजी — बाहेर केवढं गारठलंय, अंगावर काटा येतोय.

चिमी — उघडा म्हटलं ना. आणि मला सांगा, आपलं लग्न झाल्यापासून तुम्ही या कारखान्याचा टेम्पो चालवता, फार तर कॅन भरून ठेवता. रंगाच्या खोलीत चहा प्यायलासुद्धा थांबत नाही. आज माझ्या आधी येऊन ॲसिड शेकत बसायची बुद्धी कुठून झाली?

भावोजी — ते गोठलंय. नवा मोठा कॅन, काल उतरवलेला. दगड झालाय नुसता. तुला आज नाटकवाल्यांचं रेशीम रंगवायचंय, म्हटलं तू यायच्या आत वितळवून ठेवावं. बायकोची सेवा करावी तर तोही गुन्हा.

चिमी — बघू. हलवा जरा. अजिबात डुचमळत नाही. झाकण काढा, तोंड बाजूला ठेवून. ... अगंबाई. सगळ्या सुया सुया झाल्यात. काचेचा चुरा भरून ठेवावा तसं.

भावोजी — खराब निघालं वाटतं. दुकानदाराला परत करू.

चिमी — खराब कशानं? बाबांच्या वेळी कडक थंडीत असंच व्हायचं. मी आणि दादा डोकावून बघायचो. बाबा म्हणायचे, गोठलं म्हणजे माल चोख. पाणी असतं तर गोठलं नसतं.

भावोजी — उलटंच आहे सगळं. पाणी तर स्वतः गोठतं.

चिमी — पाणी गोठायला बर्फाची थंडी लागते. हे आपण कपाटातून स्वेटर काढले की गोठतं. पण दोघं एकत्र आली की कुणीच धड गोठत नाही. जाऊ दे. कोमट पाण्याच्या टबात ठेवू, झाकण सैल करून, दुपारपर्यंत सुटेल. तोवर छोट्या कॅनमधलं वापरते. माझा जीव आज थाऱ्यावर नाही. किती वाजले?

भावोजी — फाटकात शिरताना विचारलंस की आत्ता.

चिमी — दादा येईल इतक्यात. कारखान्याची किल्ली द्यायला आणि बाबांचा ढवळायचा दांडा न्यायला. तो दांडा खिळ्यावरून काढून दाराशी ठेवावा का? म्हणजे त्याला आत यायला नको. ... नको. तसं केलं तर हाकलल्यासारखं वाटेल.

भावोजी — हाकललंच आहेस की.

चिमी — काय म्हणालात?

भावोजी — काही नाही. आपलं असंच.

चिमी — मग काय करायचं होतं मी? सख्खा भाऊ आहे म्हणून राजाची मान जांभळी होऊ द्यायची? भर रंगमंचावर घामानं झग्याचा रंग सुटला. राजा गंभीरपणे मरत होता आणि लोक हसत होते. नाटकवाल्यांनी सगळे झगे इथे आणून आपटले. त्याआधी गळपट्टे. त्याआधी ते निळे पडदे. दर वेळी उकळून झाल्यावर हौदातलं पाणी रंगीतच. ॲसिड पडलं की रंग रेशमात शिरतो, पाणी निवळतं. नाही पडलं तर नाही. दादा ॲसिड घालायचं विसरतो, दुसरं काय?

भावोजी — विसरत असतील. वय झालंय.

चिमी — विचारलं तर म्हणायचा, घातलं होतं गं चिमे. आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसायचा. शेवटी मी सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, दादा, तुझं डोकं आता चालत नाही, घरी बस. तो ॲप्रन काढायला गेला तर नाडीला गाठीच गाठी, सुटता सुटेना. त्यावरही मी म्हणाले, बघ, नाडीसुद्धा सुटत नाही तुला. का म्हणाले मी असं?

भावोजी — रागात माणूस बोलतो.

चिमी — आता लेकीकडे चाललाय. कायमचा.

भावोजी — चांगलंच आहे ना. नातवंडांत रमतील. इथे वाफेत उभं राहण्यापेक्षा बरं. आणि ऐक, तो छोटा कॅन नको घेऊस. मी ओतून टाकतो तो. जुना झालाय.

चिमी — जुना? परवा भरलात तुम्ही.

भावोजी — म्हणजे तळाशी गाळ असेल.

चिमी — या ॲसिडला कसला गाळ? आणा इकडे. ... अहो, हा का नाही गोठला?

भावोजी — कोण?

चिमी — कोण काय कोण? हा कॅन. चांगला डुचमळतोय. दोन्ही शेजारी शेजारीच तर होते.

भावोजी — हा भिंतीला टेकून होता. भिंतीला ऊब असते.

चिमी — त्या भिंतीला? हात लावून बघा, बोटं आखडतील.

भावोजी — मग उघडलेला आहे, हवा लागली असेल. माणसाचंही तसंच असतं बघ, घरात बसलेला गारठतो आणि बाहेर फिरणारा...

चिमी — तुम्ही असे दाखले द्यायला लागलात की मला शंका येते. बसा त्या स्टुलावर. येरझाऱ्या घालू नका, आधीच डोकं भणभणतंय.

भावोजी — बसलो.

चिमी — एक होऊ शकतं. कधीकधी हे हटून बसतं. गोठण्याइतकं थंड झालं तरी पातळच राहतं. मग जरा धक्का लागला की एका दमात गोठतं.

भावोजी — तेच. अगदी तेच झालंय. तुझ्या माहेरचं ॲसिड, हटून बसणारच.

चिमी — मग गोठलेल्याचा एक खडा त्यात टाकायचा. चोख असेल तर त्या खड्याला धरून सगळं जमत जातं, बघता बघता. बाबांनी बाटलीत करून दाखवलं होतं, दादानं टाळ्या पिटल्या होत्या. हातमोजे द्या.

भावोजी — आत्ता कशाला? दादा यायची वेळ झाली.

चिमी — हातमोजे द्या. ती काचेची कांडी पण. आणि छोट्या कॅनमधलं थोडं या काचेच्या भांड्यात ओता. सांडू नका. झाकण का चाचपत बसलात?

भावोजी — घट्ट बसलंय.

चिमी — हं. हा खडा. ... टाकला. बघा.

भावोजी — मला इथून दिसत नाही.

चिमी — मग उठा. ... जमत नाहीये. कडेनं विरतोय. चहात साखर विरावी तसा. ... गेला. दुसरा टाकते. ... हाही गेला.

भावोजी — मग?

चिमी — मग यात पाणी आहे. थोडंथोडकं नाही, चांगलं दणकून आहे.

भावोजी — लबाड निघाला की दुकानदार.

चिमी — त्याच दुकानदाराचा माल तुमच्या पायाशी दगड होऊन बसलाय. त्याला कशाला लबाड म्हणता? मोठ्या कॅनमधून छोट्यात कोण भरतं?

भावोजी — मी.

चिमी — दुसरं कुणी हात लावतं?

भावोजी — नाही.

चिमी — आणि आज तो मोठा कॅन शेगडीशी होता. मी यायच्या आत दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. हो की नाही?

भावोजी — सकाळी दुकानदाराला फोन केला. म्हटलं, माल गोठलाय. तो हसायला लागला. म्हणाला, गोठणारच, चोख आहे. गोठला नसता तर तक्रार करायची. तेव्हापासून माझ्या तोंडचं पाणी पळालंय.

चिमी — किती दिवस घालताय?

भावोजी — पावसाळ्यापासून.

चिमी — का?

भावोजी — तुझ्या खोकल्यासाठी.

चिमी — काय?

भावोजी — रात्र रात्र खोकायचीस तू. भिंतीला उशी लावून बसून राहायचीस, आणि मी कूस बदलून झोपेचं सोंग घ्यायचो, कारण मी जागा आहे कळलं तर तू खोकला दाबायचीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ॲसिडची वाफ छातीला नको. तू म्हणालीस, मी वाफेतच वाढले. तुझ्यापुढे कुणाचं चालतं? म्हटलं थोडं पाणी घालून बघावं, उग्रपणा तरी कमी होईल. झाला कमी. त्या आठवड्यात तू पहिल्यांदा सलग झोपलीस. मग पुढच्या वेळी जरा जास्त घातलं.

चिमी — आणि मी सांगत सुटले, नवं औषध लागू पडलं.

भावोजी — मी ऐकायचो आणि मनातल्या मनात खूश व्हायचो.

चिमी — पडदे परत आले तेव्हा? गळपट्टे आले तेव्हा?

भावोजी — तुझ्या गळ्याची शपथ, पडद्यांच्या वेळी डोक्यातही आलं नाही. मला वाटायचं भाजीतल्या मिठासारखं असेल, थोडं इकडे तिकडे चालतं. झगे आले तेव्हा मनात पाल चुकचुकली. पण तोवर तू दादांना बोलून बसली होतीस. मग कुठल्या तोंडानं सांगू? स्वतःचीच समजूत घातली, की ते खरंच विसरत असतील.

चिमी — म्हणजे साप समजून मी भुई धोपटत बसले. आणि भुई कुठली, तर माझा दादा. ... अहो, पाणी घालायचं होतं तर मला सांगायचं. माप वाढवलं असतं, दुप्पट ओतलं असतं. पाणी घातलेलं ॲसिड वाईट नसतं हो. न सांगता घातलेलं वाईट.

भावोजी — आता कळलं.

चिमी — आता कळून काय उपयोग? खोकल्यावर उपाय केलात की माझ्यावर सूड उगवलात?

भावोजी — असं नको बोलूस. ... एक बोलू? रागावणार नसलीस तर?

चिमी — बोला.

भावोजी — दादांचं सगळं ठरलंय. लेक वाट बघतेय. त्यांनी मनाची तयारी केलीये. आता सांगून त्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? आपण हे दोघांत ठेवू. मी पुन्हा पाण्याला हात लावणार नाही. रंग बसायला लागला की लोक म्हणतील, नव्या माणसाचा हात चांगला.

चिमी — लोक म्हणतील, दादाचा हात वाईट होता.

भावोजी — असंही म्हणतील.

चिमी — मला पण वाटतंय, न सांगावं. सांगितलं की त्याच्यापुढे मला मान खाली घालावी लागेल. कामगारांपुढेही. इतकी वर्षं ज्याच्या हाताखाली शिकले, त्याला मी... नाही सांगवणार माझ्याच्यानं. काय करू? तुम्ही तरी सांगा, काय करू?

(फाटकाची कडी वाजते.)

दादा — येऊ का?

चिमी — विचारतोस काय, दादा. ये. बस.

दादा — बसत नाही. गाडी दुपारची आहे, आवराआवर व्हायचीये. किल्ली खिशात आहे, देतो. आधी हात चोळू दे जरा. भावोजी, चेहरा का असा पडलाय? बरं नाही का?

भावोजी — बरा आहे. चहा सांगू?

दादा — नको. ... हां, दांडा खिळ्यावरच आहे. चिमे, मी न्यायचं म्हटलं होतं, पण मग विचार केला, लेकीच्या घरी त्याचं काय करू? धुण्याच्या मशीनमध्ये घालून ढवळू? राहू दे इथेच. नवा माणूस येईल त्याला दे. फक्त सांग त्याला, भिंतीला टेकवून ठेवू नकोस, वाकतो. टांगायचा.

चिमी — दादा, मला एक...

दादा — माझं होऊ दे आधी, मग राहून जाईल. तू त्या दिवशी बोललीस ना, त्याचा राग नाही धरला मी. तू खरं बोललीस. मला आधीच कळलं होतं.

चिमी — काय कळलं होतं?

दादा — ॲसिड ओतलं की मी ॲप्रनच्या नाडीला गाठ मारायचो. विसरायला नको म्हणून. मग पाणी निवळलं नाही की गाठ बघायचो. गाठ असायची. मग वाटायचं, गाठ मारली असेल आणि ओतायचंच राहिलं असेल. घरी पडल्या पडल्या हातांनी करून बघायचो. माप उचललं, ओतलं, गाठ. माप उचललं, ओतलं, गाठ. शेवटी काय खरं नि काय नाही, कळेनासंच झालं.

भावोजी — दादा, अहो...

दादा — ऐका हो. ते एक वेळ चाललं असतं. नाक गेलं, चिमे.

चिमी — नाक?

दादा — माप भरताना हे ॲसिड कसं झोंबायचं, तुला ठाऊक आहे. मी जन्मभर डोळे बारीक करून भरलं. पावसाळ्यापासून ते मऊच पडत गेलं. मग सिरक्याच्या बाटलीला येतो तेवढाच वास राहिला. कुणाला बोललो नाही मी. बाबांचं आठवतं ना? त्यांचं आधी नाकच गेलं होतं. दूध करपलेलं कळायचं नाही. मग घराचा रस्ता गेला. मग मी. शेवटी शेवटी मला शेजारचे समजून हात जोडायचे. म्हटलं, आली आपलीही वेळ. लेकीला फोन केला, येतो म्हटलं. ओळखतोय तोवर जवळ राहावं.

चिमी — दादा, थांब. थांब जरा.

भावोजी — तू नको. मी सांगतो. दादा, ॲसिडमध्ये पाणी होतं. मी घालत होतो.

दादा — काय घालत होता?

भावोजी — पाणी. छोट्या कॅनमध्ये. हिला खोकला म्हणून. कुणाला न सांगता.

दादा — कधीपासून?

भावोजी — पावसाळ्यापासून.

दादा — किती?

भावोजी — आधी पाव. मग निम्मं. शेवटी शेवटी ॲसिड नावालाच.

दादा — पडद्यांच्या वेळी निम्मं असेल.

भावोजी — असेल.

दादा — तरीच. निळा अर्धामुर्धा बसला होता. जांभळा तर धरलाच नाही. मी म्हणत होतो, आच कमी पडली की काय.

चिमी — दादा, तू एकदाही विसरला नाहीस. प्रत्येक गाठ खरी होती. मीच आंधळी झाले. माप तेच, हात तोच, मग कॅनमध्ये काय आहे हे बघायचं सोडून मी तुझ्याकडे बघितलं. चुकलं माझं.

दादा — थांब. मला राग येतोय. येऊ दे जरा.

चिमी — येऊ दे.

दादा — भावोजी, मी अंथरुणात बसून नातवंडांची नावं पाठ करायचो. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मग उलटी. मध्ये कुठे अडखळलो की दरदरून घाम फुटायचा. शेजाऱ्याचं नाव आठवेना म्हणून परवा पहाटे रस्त्यावर जाऊन त्याच्या दारावरची पाटी वाचून आलो.

भावोजी — मला दोन ठेवून द्या, दादा.

दादा — ठेवून देऊन काय होतंय. ... हिचा खोकला?

भावोजी — कमी झाला होता.

दादा — झोपत होती?

भावोजी — हो.

दादा — हं. ... तो कुठला कॅन?

चिमी — नवा. चोख आहे. गोठलाय.

दादा — झाकण काढ.

चिमी — दादा, तू भलतं करू नकोस. एकदम नाक नेऊ नकोस जवळ.

दादा — मला शिकवू नकोस. काढ, आणि तिथूनच हातानं वारा घाल इकडे. ... अजून.

चिमी — वास येतोय?

भावोजी — दादा? काय झालं?

दादा — लाव. झाकण लाव आधी. नाकात नुसती आग झाली.

चिमी — हसतोयस काय दादा.

दादा — तू बाहेर हो, नाहीतर खोकत बसशील. भावोजी, टबात कोमट पाणी भरा. कढत नको. कॅन त्यात ठेवायचा, झाकण सैल करून. आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा बसवा म्हणून मी घसा कोरडा करत होतो, तो आता बसवा. खोकल्याचा उपाय भिंतीत असतो, कॅनमध्ये नसतो.

भावोजी — आजच बसवतो.

चिमी — कामगार आले की मी सांगणार आहे त्यांना. जसं सगळ्यांसमोर बोलले तसंच, सगळ्यांसमोर.

दादा — सांग. मी उभा राहतो समोर. मोठ्यानं सांग, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. ... माझा ॲप्रन कुठाय?

चिमी — खुंटीवरच आहे. हा घे. नाडी सोडवून देऊ?

दादा — राहू दे गाठी, अंगात जातोय तसाच. लेकीला फोन करायला हवा.

चिमी — काय सांगणार तिला?

दादा — बघतो. आधी पाणी तापू दे.

चिमी — दादा, आणि ती किल्ली?

दादा — घरी विसरलो.